वैद्यकीय शिक्षणाची परवडणारी वाट

दहावीचा निकाल लागला की आपल्या वसतिशाळेच्या कार्यालयात पालकांची रीघ लागते आणि त्यांतल्या काहींचा प्रश्न दरवर्षी ठरलेला असतो : “सर, पोरगीला डॉक्टर करायचं हाय, कुठल्या कॉलेजात घालू?” प्रश्न साधा वाटतो, पण त्याच्या पोटात तीन निरनिराळे प्रश्न दडलेले आहेत. अकरावी-बारावी कोठे करावी, पुढे वैद्यकीय महाविद्यालय कोणते धरावे आणि या साऱ्याचा खर्च नेमका कोणाच्या खिशातून जाणार? पालक पहिल्या प्रश्नावर वर्षभर विचार करतात, दुसऱ्यावर आठ दिवस, आणि तिसऱ्याचा विचार प्रवेशाची मुदत संपायला दोन दिवस उरलेले असताना करतात. वास्तविक हा क्रम उलटा हवा. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने खर्चाच्या बाजूने या विषयाची मांडणी करीत आहे.

आरंभीच एक गैरसमज दूर केला पाहिजे. आपल्यापैकी काहींचे नातलग अमेरिकेत आहेत आणि तिकडून सल्ला येतो की आधी कोणत्याही स्वस्त महाविद्यालयातून पदवी घ्यावी, मग वैद्यकीयचे पाहावे. तो सल्ला त्या देशापुरता योग्य आहे. तेथे चार वर्षांची पदवी घेतल्याखेरीज वैद्यकीय महाविद्यालयाचे दार सहसा उघडत नाही. त्यामुळे ती पहिली चार वर्षे कमी खर्चात उरकणे हे तेथील शहाणपण ठरते. आपल्याकडे एम.बी.बी.एस. हाच पदवी अभ्यासक्रम आहे आणि तो बारावीनंतर थेट सुरू होतो. साडेचार वर्षांचे शिक्षण व एक वर्षाची आंतरवासिता, म्हणजे इंटर्नशिप, असा एकूण साडेपाच वर्षांचा हा काळ. बी.एस्सी. करून एम.बी.बी.एस.ला मधूनच शिरण्याची सोय नाही. पदवीधरालाही ‘नीट’ याच दारातून जावे लागते. तेव्हा आपल्यासाठी ‘परवडणारे महाविद्यालय’ हा प्रश्न दोन ठिकाणी उभा राहतो : कनिष्ठ महाविद्यालयाच्या पायरीवर आणि ‘नीट’च्या निकालानंतर.

‘नीट’ची माहिती थोडक्यात सांगतो. भौतिकशास्त्राचे ४५, रसायनशास्त्राचे ४५ आणि जीवशास्त्राचे ९० असे १८० प्रश्न, एकूण ७२० गुण. बरोबर उत्तरास ४ गुण, चुकीच्या उत्तरास १ गुण वजा. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वयाची १७ वर्षे पूर्ण हवीत. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र मिळून खुल्या प्रवर्गास ५० आणि राखीव प्रवर्गांस ४० टक्के गुण पुरतात. प्रश्नपत्रिका १३ भाषांत निघते व त्यांत मराठी आहे. अर्थात पुढील सर्व शिक्षण इंग्रजीत असल्याने अकरावीपासूनच त्या भाषेची सवय लावून घेणे हिताचे.

अकरावी-बारावी कोठे?

कोल्हापूर शहरात विवेकानंद, न्यू कॉलेज अशी विज्ञान शाखेची जुनी व नावाजलेली महाविद्यालये आहेत. तालुक्याच्या गावीही अनुदानित तुकड्या आहेत. अनुदानित तुकडीचे शुल्क सामान्य कुटुंबाला झेपेल इतकेच असते. घर बसते ते खाजगी शिकवणीमुळे. दोन वर्षांच्या शिकवणीचा आकडा लाखांत जातो आणि खोली, खानावळ, प्रवास वेगळा. त्यातच ‘इंटिग्रेटेड’ नावाची व्यवस्था रूढ झाली आहे. नाव एका महाविद्यालयात, हजेरी दुसऱ्याच शिकवणीवर्गात आणि प्रयोगशाळा कोठेच नाही! हा प्रकार रोखण्यासाठी शासनाने २०१८ साली विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला होता. आदेश कागदावर राहिला की अमलात आला, हे वाचकांना वेगळे सांगायला नको.

माझे स्पष्ट मत असे की, ज्या मुलाला महाविद्यालयात नियमित शिकवले जाते, ज्याला राहण्या-जेवणाची सोय आहे आणि ज्याच्याजवळ एन.सी.ई.आर.टी.ची पुस्तके व जुन्या प्रश्नपत्रिका आहेत, त्याच्यासाठी कर्ज काढून लांबच्या शहरातील शिकवणी लावण्याची घाई करू नये. निदान पहिल्या सहा महिन्यांच्या चाचण्यांचे गुण पाहून मग ठरवावे. शिकवणी हवीच असेल तर आधी सार्वजनिक सोयी तपासाव्यात. इतर मागास, विमुक्त जाती, भटक्या जमाती व विशेष मागास प्रवर्गासाठी ‘महाज्योती’ संस्था ‘नीट’चे मोफत ऑनलाइन प्रशिक्षण देते व त्यासाठी टॅब पुरवते. अनुसूचित जातींसाठी पुण्याची ‘बार्टी’ आहे. दहावीत ९० टक्क्यांहून अधिक गुण मिळवणाऱ्या अनुसूचित जातीच्या, कमी उत्पन्नाच्या कुटुंबातील मुलांना अशा प्रशिक्षणासाठी अर्थसाहाय्य देण्याची योजना तिने २०२१ मध्ये जाहीर केली होती. दहावीच्या निकालाच्या आठवड्यातच या संस्थांच्या संकेतस्थळांवरील चालू वर्षाची जाहिरात पाहावी. मुदती अल्प असतात.

कोल्हापूरकरांनी आणखी एक गोष्ट ध्यानात धरली पाहिजे, कारण आपला जिल्हा सीमेवरचा आहे. महाराष्ट्रातील शासकीय महाविद्यालयांच्या ८५ टक्के जागा राज्याच्या कोट्यातून भरल्या जातात आणि त्यांसाठी राज्याच्या अधिवासाबरोबरच दहावी व बारावी महाराष्ट्रातील संस्थेतून उत्तीर्ण असण्याची अट सर्वसाधारणपणे असते. कागल, गडहिंग्लज, चंदगड भागातील मुलांना निपाणी किंवा बेळगाव जवळ पडते. कोणी राजस्थानात कोट्याला, कोणी हैदराबादला बारावी करण्यासाठी जाते. दोन वर्षांची ही सोय साडेपाच वर्षांच्या हक्कावर पाणी सोडणारी ठरू शकते. वादग्रस्त सीमाभागातील मराठी गावांच्या मुलांसाठी स्वतंत्र तरतूद आहे. परंतु कोल्हापूर जिल्ह्यातील रहिवाशाने आपण तिच्यात बसतो असे समजू नये. बारावी शक्यतो महाराष्ट्रातच करावी.

चार प्रकारची महाविद्यालये, चार प्रकारचे हिशेब

एम.बी.बी.एस.ची पदवी शासकीय महाविद्यालयातून घेतली काय आणि अभिमत विद्यापीठातून घेतली काय, व्यवसाय करण्याचा परवाना सारखाच मिळतो. खर्चातील अंतर मात्र डोळे विस्फारणारे आहे.

शासकीय महाविद्यालयात खुल्या प्रवर्गातील विद्यार्थ्याला वर्षाला साधारण सव्वा ते दीड लाखाच्या घरात शुल्क पडते. दीड लाख धरले तरी साडेचार वर्षांचे पावणेसात लाख होतात. खाजगी विनाअनुदानित महाविद्यालयाचे शुल्क ‘शुल्क नियामक प्राधिकरण’ संस्थेगणिक ठरवून देते. ते वर्षाला दहा लाख असेल तर एकूण पंचेचाळीस लाख. अभिमत विद्यापीठांत वर्षाला वीस-पंचवीस लाख ही सामान्य बाब आहे. पंचवीस लाखांप्रमाणे साडेचार वर्षांचे एक कोटी साडेबारा लाख होतात. आंतरवासितेच्या वर्षाचे शुल्क घ्यावयाचे नसते. उलट त्या वर्षी विद्यावेतन मिळते; महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये ते दरमहा ११,००० वरून १८,००० रुपये केले. हे सर्व आकडे हिशेबाची रीत दाखवण्यासाठी आहेत. प्रत्यक्ष शुल्क त्या त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतून घ्यावे, आणि हिशेब पहिल्या वर्षाच्या शुल्काचा न करता पूर्ण अभ्यासक्रमाचा करावा. पहिला हप्ता कसाबसा भरून दुसऱ्या वर्षी जमिनीला गिऱ्हाईक शोधत फिरणारे पालक आपल्या भागात कमी नाहीत.

आपल्या परिसरात शासकीय पर्याय पूर्वीपेक्षा पुष्कळ वाढले आहेत. कोल्हापुरात राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. मिरजेचे शासकीय महाविद्यालय १९६२ सालचे, म्हणजे शिवाजी विद्यापीठाच्या वयाचे. सातारा व सिंधुदुर्ग येथे २०२१ पासून, तर रत्नागिरीस त्यानंतर दोन वर्षांनी नवी महाविद्यालये सुरू झाली. शिवाय २०२० मध्ये राज्याने ७०:३० हे प्रादेशिक सूत्र रद्द केले. पूर्वी विभागातील ७० टक्के जागा तेथील मुलांसाठी राखून ठेवलेल्या असत. आता कोल्हापूरची मुलगी लातूर, नांदेड, अकोला, नागपूर कोठेही राज्याच्या एकाच गुणवत्ता यादीतून स्पर्धा करते. यामुळे पसंतीक्रम भरताना राज्यभराचा नकाशा समोर ठेवणे अगत्याचे झाले आहे. नव्या महाविद्यालयांना इमारती अपुऱ्या, अध्यापक अपुरे अशा तक्रारी असतात व त्या अगदीच निराधार नसतात. तरीही जिल्हा रुग्णालयाला जोडलेल्या शासकीय महाविद्यालयात रुग्णांची वाण नसते आणि वैद्यकीय विद्यार्थी अखेर रुग्णाच्या खाटेजवळच शिकतो. ज्या महागड्या संस्थेचे कक्ष निम्मे रिकामे असतात, तिच्या संगमरवरी प्रवेशद्वाराला भुलू नये. महाविद्यालय पाहायला जाल तेव्हा बाह्यरुग्ण विभागात सकाळी दहा वाजता जाऊन उभे राहा, इतकेच सांगेन.

थोडे विषयांतर होते, पण कोल्हापूरच्या वाचकांना ते आवडावे. आपल्या वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे, आपले ‘सी.पी.आर.’. संस्थानी काळात त्याचे नाव आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल होते. १८८६ साली अमेरिकेतून वैद्यकीय पदवी घेतलेल्या डॉ. आनंदीबाई जोशी यांची नेमणूक कोल्हापूर संस्थानाने याच रुग्णालयाच्या स्त्री-विभागावर केली होती. फेब्रुवारी १८८७ मध्ये त्यांचे निधन झाले आणि ती खुर्ची रिकामीच राहिली. पुढे त्याच रुग्णालयात डॉ. कृष्णाबाई केळवकर यांनी दीर्घकाळ काम केले. सी.पी.आर.च्या दगडी कमानीखालून जाणाऱ्या आपल्या मुलींना हा इतिहास ठाऊक असावा.

आता मधल्या वर्गाकडे, म्हणजे खाजगी विनाअनुदानित महाविद्यालयांकडे वळू. आपल्या समाजाचे सर्वाधिक नुकसान येथील अज्ञानाने होते. इस्लामपूर, डेरवण अशा ठिकाणी जवळपास अशी महाविद्यालये आहेत. ‘पंधरा लाख फी? आपलं काम न्हवं,’ असे म्हणून पालक ही नावे पसंतीक्रमात भरतच नाहीत. परंतु राज्याच्या केंद्रीय प्रवेशप्रक्रियेतून, म्हणजे ‘कॅप’मधून, अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला अशा महाविद्यालयात जागा मिळाली, तर शिक्षण शुल्काची प्रतिपूर्ती शासन करते. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती. त्यापेक्षा अधिक असेल तर शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क माफीची ‘फ्रीशिप’. इतर मागास, आर्थिकदृष्ट्या दुर्बल तसेच सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास प्रवर्गातील मुलींसाठी जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंतच्या उत्पन्नास पूर्ण शुल्कमाफी लागू झाली; त्याच उत्पन्नगटातील मुलांसाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीतून निम्म्या शिक्षण शुल्काची सवलत आहे. हे सर्व अर्ज ‘महाडीबीटी’ या संकेतस्थळावर दरवर्षी नव्याने करावे लागतात.

येथे दोन गोष्टी अधोरेखित करतो. एक : ही सवलत ‘कॅप’मधून मिळालेल्या प्रवेशाला आहे. त्याच महाविद्यालयातील संस्थास्तरावरील, म्हणजे व्यवस्थापन कोट्याच्या जागेला ती नाही आणि त्या जागेचे शुल्क अनेक पट असते. शिरोळ तालुक्यातील एका कुटुंबाचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. मुलीचे गुण असे होते की तिसऱ्या फेरीपर्यंत धीर धरला असता तर ‘कॅप’मधून जागा मिळण्याची शक्यता होती. एका मध्यस्थाने ‘सीट संपतील’ अशी भीती घातली, घरच्यांनी व्यवस्थापन कोट्यात पैसे भरले आणि त्यापायी पाऊण एकर ऊसाची जमीन गेली. मुलगी आज डॉक्टर आहे. जमीन परत आलेली नाही. दुसरी गोष्ट : प्रतिपूर्ती शिक्षण शुल्काची असते. विकास शुल्क, अनामत, वसतिगृह, भोजन यांपैकी काय माफ आणि काय भरावे लागणार, हे प्रवेशापूर्वी महाविद्यालयाकडून लेखी घ्यावे. तोंडी आश्वासन ऑगस्टमध्ये गोड लागते, मार्चमध्ये त्याची आठवण कोणालाच नसते.

अभिमत विद्यापीठांचा प्रकार निराळा आहे. कोल्हापूर, कऱ्हाड, सांगली येथे ती आहेत. त्यांचे प्रवेश केंद्राची वैद्यकीय समुपदेशन समिती करते आणि तेथे जातीनिहाय आरक्षण नाही. राज्याची शुल्कमाफी तेथे लागू होईल असे गृहीत धरून चालू नये. समाजकल्याण कार्यालयात जाऊन त्या वर्षीचा नियम पाहावा. आणखी एक खाचखळगा म्हणजे नोंदणीची अनामत. अखिल भारतीय कोट्यासाठी ती खुल्या प्रवर्गास १०,००० व राखीव प्रवर्गांस ५,००० रुपये असते. अभिमत विद्यापीठांसाठी मात्र २ लाख रुपये. ‘असू दे एक पर्याय’ म्हणून नोंदणी करणाऱ्या पालकांचे दोन लाख कित्येक आठवडे अडकतात आणि ठरावीक फेरीनंतर मिळालेली जागा नाकारल्यास ते जप्तही होतात.

चौथा वर्ग जवळजवळ विनामूल्य शिक्षणाचा. नागपूरच्या ‘एम्स’मध्ये वार्षिक शुल्क काही हजारांतच असते; मात्र तेथे प्रवेशाची रेषा फार उंच आहे. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात शिक्षण शुल्क नाही. ‘नीट’नंतर वेगळी चाचणी, मुलाखत व वैद्यकीय तपासणी होते आणि पुढे सैन्यदलात अधिकारी म्हणून सेवा करावी लागते. आणि एक दार असे आहे, ज्याची माहिती इचलकरंजीच्या सूतगिरण्यांतील, शिरोली, गोकुळ शिरगाव व कागलच्या औद्योगिक वसाहतींतील कामगारांना क्वचितच असते : कर्मचारी राज्य विमा महामंडळाची वैद्यकीय महाविद्यालये. या महाविद्यालयांतील काही जागा विमाधारक कामगारांच्या पाल्यांसाठी राखीव असतात. वेतनातून दरमहा ‘ईएसआय’ कापला जातो त्या कामगाराने विमाधारकाचा पाल्य असल्याचे प्रमाणपत्र वेळेत काढले, तर पाल्यास त्या कोट्यातून अर्ज करता येतो. जी कपात वर्षानुवर्षे वेतनचिठ्ठीत नुसती पाहिली, तिचा असाही उपयोग आहे.

बंधपत्राची भीती

शासकीय व महानगरपालिकेच्या महाविद्यालयातून शिकलेल्या डॉक्टरास एक वर्ष शासकीय आरोग्यसेवेत काम करण्याचे बंधपत्र द्यावे लागते. ते न पाळल्यास एम.बी.बी.एस.साठी १० लाख रुपये दंड आहे. ‘बाँड आहे’ हे ऐकूनच काही पालक बिचकतात. हे वर्ष बिनपगारी नसते. डॉक्टर म्हणून नेमणूक होऊन मानधन मिळते आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातील त्या वर्षात नवा डॉक्टर जे शिकतो ते कोणत्याही पाठ्यपुस्तकात नसते. १९१३ साली बडोदा संस्थानाची शिष्यवृत्ती घेऊन बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात गेले, तेव्हा त्यांनीही संस्थानाची दहा वर्षे नोकरी करण्याचा करार लिहून दिला होता. त्या मानाने एक वर्ष फार नाही. कागदावर सही करण्यापूर्वी तो वाचावा, एवढे पुरे.

शुल्काहून मोठा खर्च

शुल्क माफ झाले की प्रश्न सुटला, असे मानणे भाबडेपणाचे आहे. साडेपाच वर्षे राहायचे कोठे आणि खायचे काय? दरमहा भोजन, प्रवास, पुस्तके मिळून सहा हजार धरले तरी साडेपाच वर्षांचे जवळपास चार लाख होतात. शाहू महाराजांनी हे फार आधी ओळखले होते. खेड्यातील मुलगा शाळेच्या शुल्कापायी जेवढा अडत नाही, तेवढा शहरात निवारा नसल्याने अडतो, हे पाहून त्यांनी १९०१ पासून कोल्हापुरात जातवार वसतिगृहांची मालिकाच उभी केली. अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी १९०८ साली मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. वसतिगृहात वाढलेल्या आपल्यासारख्यांना त्या दृष्टीचे मोल अधिक सांगण्याची आवश्यकता नाही.

म्हणून समान दर्जाच्या दोन शासकीय महाविद्यालयांतून निवड करताना वसतिगृहाची खात्री हा पहिला निकष ठेवावा. मुंबईतील नामवंत महाविद्यालय मिळाले पण वसतिगृहात खाट नाही, तर खोलीभाड्यातच शिष्यवृत्ती संपेल. उलट मिरजेत किंवा सोलापुरात राहण्याची सोय असेल, तर तेच शिक्षण निम्म्या ओढाताणीत होईल. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना’ आहे. उत्पन्नमर्यादा अडीच लाख. शहराच्या वर्गानुसार रक्कम ठरते व मुंबई-पुण्यासारख्या ठिकाणी ती वर्षाला ६०,००० रुपये आहे. विद्यार्थी त्याच शहराचा रहिवासी नसावा, अशी अट असते. इतर प्रवर्गांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. या रकमा वेळेवर येतात असे नाही. त्यामुळे पहिले सहा महिने स्वतःच्या पैशांवर निभावण्याची तजवीज हवी.

उरलेल्या गरजेपुरते शैक्षणिक कर्ज घेण्यास हरकत नाही. साडेसात लाखांपर्यंतचे कर्ज तारणाशिवाय देण्याची सोय राष्ट्रीयीकृत बँकांत आहे. शासकीय महाविद्यालयातील मुलाला याहून मोठे कर्ज लागत असेल, तर हिशेब कोठेतरी चुकला आहे असे समजावे.

कागदपत्रे : अकरावीतच

गुण आहेत, जागा आहे, शुल्कमाफीही आहे. पण जातवैधता प्रमाणपत्र नाही. अशा एका कागदापायी राखीव जागा हातची गेल्याचे प्रसंग दरवर्षी घडतात. जातीचा दाखला प्रांत कार्यालयातून मिळतो; वैधता प्रमाणपत्र जिल्हा जात पडताळणी समिती देते आणि तिला महिने लागतात. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा महाराष्ट्रातील वास्तव्याचा व जातीचा पुरावा मागितला जातो. विमुक्त-भटक्यांसाठी ही तारीख २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागास वर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. म्हणजे आजोबांच्या किंवा पणजोबांच्या शाळेच्या दाखल्याचा, जन्म-मृत्यू नोंदवहीचा, जुन्या सातबाऱ्याचा उतारा शोधावा लागतो. घरात वडील, सख्खे काका किंवा आत्या यांची वैधता झालेली असेल तर काम बरेच सुकर होते. ती प्रमाणपत्रे आधी जमवावीत.

बौद्ध कुटुंबांनी आणखी एका बाबीकडे लक्ष द्यावे. १९९० च्या घटनात्मक आदेशातील दुरुस्तीने बौद्ध धर्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातींच्या सवलती केंद्रातही मान्य झाल्या. तथापि केंद्राच्या यादीत जातींची नावे आहेत, ‘बौद्ध’ अशी नोंद जात म्हणून नाही. राज्यात जो दाखला चालतो तोच अखिल भारतीय १५ टक्के कोट्यासाठी पुरेल असे नाही. केंद्राच्या नमुन्यातील स्वतंत्र दाखला, अनुसूचित जातीच्या स्पष्ट उल्लेखासह, काढून ठेवावा. राज्याच्या कोट्यात अनुसूचित जातींना १३ टक्के, तर अखिल भारतीय कोट्यात १५ टक्के जागा आहेत. दोन्ही ठिकाणी अर्ज करणे हा आपला हक्क आहे आणि एका दाखल्यावाचून तो सोडून देणे योग्य नव्हे.

पसंतीक्रम भरताना एकच पथ्य पाळावे : जे महाविद्यालय खरोखर हवे ते वर, त्याखाली त्यानंतरचे. ‘वरचे मिळणार नाही, म्हणून खालचे आधी लिहू’ हा हिशेब नुकसानीचा आहे, कारण संगणक वरून खाली पाहत येतो आणि जेथे गुणवत्ता बसते तेथे थांबतो. नेटकॅफेवाल्याच्या हाती सांकेतिक शब्द देऊन निघून येऊ नये. यादीची छापील प्रत घरी नेऊन, वडीलधाऱ्यांसमोर वाचून मगच ती कायम करावी.

गुण कमी पडले तर?

पुन्हा एक वर्ष द्यावे का, याचे सरसकट उत्तर नाही. पात्रतेची रेषा आणि जागा मिळण्याची रेषा यांत पुष्कळ अंतर असते. मागील वर्षाच्या शेवटच्या फेरीत आपल्या प्रवर्गाची यादी कोठे थांबली ते पाहावे. अंतर थोडे असेल व मुलाची उमेद टिकून असेल तर एक वर्ष द्यावे. ते वर्ष रिकामे न ठेवता बी.एस्सी.ला नाव घालावे. कोल्हापुरातील अनुदानित महाविद्यालयात तो खर्च किरकोळ आहे. दुसऱ्यांदाही अंतर तेवढेच राहिले, तर तिसऱ्या प्रयत्नासाठी घराने कर्ज काढू नये. त्याच ‘नीट’च्या गुणांवर दंतवैद्यक, आयुर्वेद, होमिओपॅथी, भौतिकोपचार हे अभ्यासक्रम आहेत, बी.एस्सी. नर्सिंगची वाट वेगळी व अनेकींसाठी अधिक लवकर पगाराला लावणारी आहे. मुलीला खरोखर रुग्णसेवा करायची आहे की नावाआधी ‘डॉ.’ हवे आहे, हे या वळणावर पालकांनी तिच्याशी मोकळेपणाने बोलावे.

परदेशी एम.बी.बी.एस.च्या जाहिराती बसस्थानकापर्यंत पोहोचल्या आहेत. पंचवीस-तीस लाखांत डॉक्टर, असा त्यांचा दावा असतो. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार किमान ५४ महिन्यांचे शिक्षण एकाच संस्थेत व इंग्रजी माध्यमातून, तेथे बारा महिन्यांची आणि परतल्यावर येथे बारा महिन्यांची आंतरवासिता आणि त्याशिवाय येथील परीक्षा उत्तीर्ण होणे आवश्यक आहे. त्या परीक्षेचा निकाल अलीकडच्या सत्रांत साधारण २० ते ३० टक्क्यांच्या आसपास राहिला आहे. मध्यस्थ पहिल्या वर्षाचा आकडा सांगतो. ही टक्केवारी सांगत नाही. २०२२ मध्ये युक्रेनमधून अर्ध्यावर परतलेल्या मुलांची स्थिती आपण पाहिलीच.

शेवटी माजी विद्यार्थ्यांना एक विनंती. आपल्यापैकी अनेक जण आज तलाठी, शिक्षक, परिचारिका, बँक कर्मचारी, डॉक्टर आहेत. जून ते सप्टेंबर या काळात प्रवेशफेऱ्यांच्या दिवशी एखाद्या मुलीसोबत मिरजेला किंवा सोलापूरला जाणारे माणूस, आठ दिवसांत भरावयाच्या पंधरा-वीस हजारांची उसनवारी आणि जुन्या शाळेच्या दप्तरातून उतारा काढून देणारी ओळख, या तीन गोष्टी देणगीच्या पावतीपेक्षा अधिक उपयोगी पडतात. यंदा अकरावी विज्ञानला गेलेल्या मुलांची यादी शाळेच्या कार्यालयात आहे. त्यांतील ज्यांच्या आजोबांचे शाळेचे दाखले अद्याप सापडलेले नाहीत, त्यांची गावे त्या यादीत पाहता येतील. आपले गाव त्यांत असेल, तर दिवाळीच्या सुट्टीत गावी जाल तेव्हा प्राथमिक शाळेचे जुने रजिस्टर तेवढे पाहून यावे.